मेमरी फुल

पारोळ्याच्या बाजारपेठेत माझं सहा बाय आठचं दुकान.
गिऱ्हाईक येतं, फोन काचेवर ठेवतं,
"भाऊ, हँग होतो."
मी उघडतो. मेमरी फुल.
आणि आत पुन्हा तीच रात्र.

अमळनेरची. शाळेचं मैदान, बोरीकडून येणारी थंडी,
सुकलाल मिस्तरींचं वहीगायन.
दिवसभर रंधा मारलेल्या हातात डफ,
आणि आवाज असा, की मागच्या रांगेतलं पोर
शेंगा फोडायचं थांबलं.
म्हणजे, थांबलं असावं.
मी स्क्रीनकडे बघत होतो.

महिन्याभरात एकोणीस फोनांतून पाहिली ती रात्र.
डावीकडून, उजवीकडून, पाण्याच्या टाकीवरून,
कुणाच्या तरी अंगठ्याच्या गुलाबी अंधारातून.
एकात तर समोरच्याचा फोन, त्यात त्याच्या समोरच्याचा फोन,
आणि पार तळाशी शेंगदाण्याएवढे मिस्तरी.

"उडवू का हे? जागा होईल."
गिऱ्हाईक असं बघतं,
जसा मी त्याच्या दुभत्या म्हशीच्या दाव्याला हात घातला.
"ते ऱ्हाऊ द्या. पोराचे फोटो उडवा, ते दुसरा फोनमा शेतस."
"परत पाहिलं का?"
"पाहू की. निवांत."

कापूस वेचून झाला की निवांत.
केळीचं पाणी, मग लग्नसराई, मग निवांत.
मी तरी कोणाला हसू?
माझ्याही फोनात एक्केचाळीस मिनिटं पडून होती,
एकदाही न उघडलेली.

काल विसावा फोन आला. कासोद्याचा एक पोरगा, डिस्प्ले गेलेला.
हा स्टेजच्या कडेला उभा होता,
आणि कंटाळून त्यानं कॅमेरा पब्लिककडे फिरवलेला.

आमची रांग.
खालून निळे पडलेले चेहरे,
सगळ्यांचे हात वर, कुणी बंदूक रोखल्यासारखे.
त्यात मी. कोपर ताठ,
बारीक स्क्रू बसवताना धरतो तशी जीभ दातांत.
शेजारी सरला. तिच्या हातात काही नाही.

मिस्तरी ओळ अर्ध्यात सोडून थांबले, ती हीच जागा.
डफ हवेत.
सरला माझ्याकडे वळते. हसते.
माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगायला लागते,
आणि मी, मान न वळवता,
डाव्या हातानं तिला दाबतो: चूप.
आवाज आत येईल.

ती तोंड मिटते.
पदर सारखा करते. स्टेजकडे बघते.
सगळं मिळून चार सेकंद.

अकरा वेळा लावलं. आवाज पूर्ण वाढवून.
सोळा वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय,
ओठांवरून एक शब्द काढता आला नाही.
मग स्वतःचं रेकॉर्डिंग उघडलं, पहिल्यांदा.
ती जागा आली.
एकदम स्वच्छ. खोकला नाही, खुसफूस नाही.
माझ्या हातानं काम चोख केलं होतं.

घरी ती भरताची वांगी भाजत होती.
विचारलं, "त्या रात्री काय सांगत होतीस?"
"कोणत्या?"
दाखवलं. काळ्या बोटांनी फोन धरून
तिनं स्वतःला पाहिलं, बराच वेळ.
म्हणाली, "हाई साडी बहीनले दी टाकी मी."
मग वांगं फिरवत,
"तवय सांगनं व्हतं. आते काय याद ऱ्हास?"
साल तडकली. वाफ निघाली.
ती दुसऱ्या वांग्याकडे वळली.

पोरगा आज आला. म्हटलं, डिस्प्ले झाला, पण मेमरी फुल आहे.
म्हणाला, "मिस्तरीनं ऱ्हाऊ द्या.
ते पब्लिकनं उडवा, त्यामा काय शे?"

म्हटलं, परवा ये.
एक पार्ट यायचाय जळगावहून.